न वाळणाऱ्या मातीचे मणी

आषाढ-श्रावणात लालबाग-परळच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात डोकावलात, तर घट्ट होण्याच्या दोन अगदी उलट तऱ्हा पाहायला मिळतात. शाडूची मूर्ती वाळत ठेवलेली असते. तिच्यातलं पाणी हवेत निघून जातं, मातीचे कण एकमेकांना बिलगतात आणि मूर्ती टणक होते. साच्यात ओतलेलं प्लास्टर ऑफ पॅरिससुद्धा टणक होतं, पण पाणी सोडून नव्हे, पाणी पिऊन! ती पांढरी भुकटी पाण्याला आपल्या स्फटिकांत सामावून घेते, नव्या स्फटिकांच्या सुया एकमेकींत अडकतात आणि त्या गडबडीत साचा चक्क गरम होतो. तिसरी तऱ्हा पाहायची तर धारावीच्या कुंभारवाड्यात जा. तिथे भट्टीच्या धगीत मातीच्या स्फटिकांमध्ये बांधलेलं पाणीसुद्धा सुटून जातं, आणि मग त्या मातीचा पुन्हा चिखल होऊ शकत नाही.

पाणी सोडायचं, पाणी प्यायचं किंवा आगीत पाण्याशी कायमची फारकत घ्यायची. तिन्ही गोष्टींत नायक पाणीच.

आता चौथी माती हातात घ्या. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास, अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूला हस्तकलेच्या सामानाची दुकानं आहेत. तिथे किंवा ऑनलाइन पॉलिमर क्लेची छोटी, चौकोनी, रंगीत वडी मिळते. बहुतेक वड्या सुमारे ५७ ग्रॅमच्या. ही माती रात्रभर पंख्याखाली ठेवा, वाळणार नाही. पाण्यात टाका, विरघळणार नाही. तिची गोळी वळून ओव्हनमध्ये १३० अंश सेल्सियसवर अर्धा तास ठेवा, आणि तो मणी जमिनीवर आपटला तरी फुटत नाही!

खरी गंमत पुढे आहे. भाजलेल्या मण्याचं वजन जवळजवळ तेवढंच भरतं. आकारही तोच. शाडू वाळताना आकसते, तडकते. इथे नखाएवढ्या नक्षीची रेघसुद्धा हलत नाही. बाहेर काही गेलं नाही, आत काही आलं नाही. मग बदललं तरी काय?

उत्तराचा पहिला धागा एका साध्या कोऱ्या कागदावर सापडतो. कच्च्या मातीचा तुकडा कागदावर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली तेलकट डाग दिसेल, दिव्यासमोर धरला तर अर्धपारदर्शक. म्हणजे या मातीत एक द्रव आहे, आणि तो पाणी नव्हे.

या मातीत मुळात मातीच नसते. असतात ते पीव्हीसी या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. नळाचे पाइप आणि विजेच्या वायरवरचं आवरण ज्याचं असतं तेच हे पीव्हीसी. या कणांभोवती एक जड, न उडणारा तेलासारखा द्रव असतो. त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. शिवाय रंग आणि थोडी भर घालणारी भुकटी. कण द्रवात न्हालेले असतात म्हणून एकमेकांवरून घसरतात, आणि म्हणूनच माती बोटांखाली वळते.

द्रव कणांच्या बाहेर आहे, हे लक्षात ठेवा. प्रत्येक कणात पीव्हीसीच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या इतक्या घट्ट बसलेल्या असतात की नेहमीच्या तापमानाला द्रवाला आत शिरायला जवळपास वावच नसतो. ओव्हनमध्ये तापमान चढतं तसतशा या साखळ्या वळवळायला लागतात. त्यांच्यामध्ये फटी पडतात आणि बाहेर ताटकळलेला द्रव आत शिरतो. कण फुगतात, शेजारच्या कणांना भिडतात. पुरेशी उष्णता आणि पुरेसा वेळ मिळाला, की दोन कणांमधली सीमाच पुसली जाते आणि एका कणाच्या साखळ्या दुसऱ्याच्या साखळ्यांत गुंततात. मणी निवला की ही गुंतवळ जागच्या जागी थिजते. कोट्यवधी सुट्या कणांचा एक अखंड तुकडा होतो, आणि या सगळ्या उलथापालथीत साहित्य तेवढंच राहतं. फक्त बाहेरचा द्रव घरात गेला!

हे पीव्हीसी आलं कुठून, याची कहाणीही थक्क करणारी आहे. त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतो. तो मिळतो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून. वडाळ्याच्या मिठागरांत ज्या मिठाचे ढीग लागत, त्याच साध्या मिठातलं हे मूलद्रव्य. उरलेला भाग बहुधा खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूतला. म्हणजे समुद्र आणि जमिनीच्या पोटातलं तेल यांची भेट तुमच्या मण्यात होते.

आणि ही भेट कुणी ठरवून घडवली नाही. १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे व्हिनाइल क्लोराइड वायू भरलेला चंबू उन्हात राहिला आणि आत पांढरा घट्ट पदार्थ तयार झाला. तो ठिसूळ होता, कुणाच्या कामाचा नव्हता. पन्नासहून अधिक वर्षं त्याला कुणी फारसं विचारलं नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतला वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत होता. त्यानं हा निरुपयोगी पदार्थ जास्त तापमानाला उकळणाऱ्या द्रवात गरम केला. चिकटद्रव्य काही मिळालं नाही, पण हाती लागला मऊ, लवचीक, उसळी घेणारा गोळा. कण आणि द्रव यांचं गूळपीठ तिथे जमलं.

पुढच्या दशकात जर्मनीत केटे क्रुझे या प्रसिद्ध बाहुलीकर्तीच्या घरी अशा जातीचा एक पदार्थ बाहुल्यांसाठी आला. बाहुल्यांच्या कारखान्याला तो मानवला नाही. पण त्यांची मुलगी सोफी, लाडानं फिफी, त्याच्याशी खेळत राहिली आणि त्यातून तिनं नक्षीकामाची माती घडवली. १९६४ मध्ये ती एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेली आणि फिमो या नावानं जगभर पोहोचली. साधारण त्याच काळात अमेरिकेत विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर काढणारा लेप म्हणून एक मिश्रण बनवलं गेलं. लेप म्हणून ते चाललं नाही. हातांनी आकार देता येणारी माती म्हणून धावलं. तीच स्कल्पी. उन्हात राहिलेला चंबू, न चिकटणारा गोंद, बाहुलीला नको असलेला पदार्थ, ट्रान्सफॉर्मरला नको असलेला लेप: इतक्या ठिकाणी नापास झालेल्या गोष्टी छंदाच्या टेबलावर मात्र पहिल्या नंबरानं पास झाल्या!

पण ‘आधी मऊ, मग उष्णतेनं कठीण’ ही हौस फार जुनी आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीतले कारागीर शंखजिऱ्याचा दगड वापरत. हा दगड नखानं ओरखडा उठेल इतका मऊ. त्याचे ते मणी कापत आणि मग सुमारे हजार अंशांच्या भट्टीत घालत. आतल्या खनिजाची रचनाच पालटे आणि तोच मणी काचेवर ओरखडा काढण्याइतका कठीण होई. त्यांतले काही मणी जेमतेम एक मिलिमीटर व्यासाचे आहेत, आणि त्यांना दोरा जाईल असं भोकही आहे! काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधू संस्कृतीच्या वस्तू मांडलेल्या आहेत. मणी करायला घेण्याआधी तिथे एक चक्कर जरूर मारा.

त्याहीपेक्षा जुने मणी आपल्या महाराष्ट्रात निघाले आहेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. शेती नव्हती, मडकी नव्हती, गाव नव्हतं, पण खानदेशात कुणीतरी अंड्याच्या कवचाला भोक पाडून ते गोल घासत बसलं होतं. कवच कापायचं, घासायचं. चुकलं तर तुकडा गेला. तुमच्याकडे अशी माती आहे जी चुकली तर पुन्हा गोळा करता येते, हवी तितक्या वेळा. तुम्ही सांगाल त्या क्षणापर्यंत ती घट्ट होत नाही.

आणि तिला लागतं तरी काय? गिरगावच्या चाळीतल्या दोन खोल्यांत चाक बसवता येत नाही, भट्टी तर नाहीच नाही. पण नानकटाईसाठी घेतलेला ओटीजी बऱ्याच घरांत असतो. स्वयंपाकघरात उरलेली एक गुळगुळीत फरशीची टाइल ही तुमची कामाची जागा, आणि भाजायचा तवाही तीच. लाटायला सरळ उभ्या बाजूची काचेची बाटली, कापायला पातळ धारदार पातं, भोक पाडायला दाभण किंवा विणकामाची बारीक सुई. विकत घ्यायलाच हवी अशी एक वस्तू आहे, ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर. ती का, ते पुढे येईलच.

माती घेताना वेष्टन नीट वाचा. ‘क्ले’ मागितली की दुकानदार हवेवर वाळणारी किंवा दोन गोळे मिसळून घट्ट होणारी मातीही पुढे करतो. दोन्ही चांगल्या, पण त्यांचं शास्त्र वेगळं. आपल्याला हवी ती ओव्हनमध्ये भाजायची. पहिल्या खेपेला पांढरी, लाल आणि हिरवी एवढ्या तीन वड्या पुरे झाल्या. त्या उन्हात ठेवू नका. मे महिन्यात खिडकीत राहिलेली वडी हळूहळू भाजायलाच लागते आणि ठिसूळ होते. डबाही पारखून घ्या: काही कडक, पारदर्शक डब्यांच्या प्लास्टिकमध्ये हा द्रव शिरतो आणि डब्याचा तळ चिकट होऊन मातीला जोडला जातो. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर निर्धास्त राहा. ते पॉलिप्रोपिलीन, आणि या द्रवाची तिथे डाळ शिजत नाही.

वडी फोडली की लगेच मणी वळायला बसू नका. आधी मळा. ठेवून ठेवून कण आणि द्रव थोडे आखडलेले असतात. मळताना माती आधी चिरते, मग चार-पाच मिनिटांत अचानक रेशमी होते. हा बदल बोटांना स्पष्ट कळतो. थोडा वेळ तशीच ठेवा, पुन्हा जरा ताठ होते. पुन्हा मळा, पुन्हा नरम. हा गुण पुढे फार कामाला येणार आहे. पांढरा रंग नेहमी आधी मळा आणि हात स्वच्छ धुऊन मळा. धुळीचा एकेक कण आणि लाल मातीचा पुसटसा अंशही पांढऱ्यावर उठून दिसतो.

आता पहिला चमत्कार करून पाहू. सुपारीएवढा पांढरा गोळा घ्या, त्यावर लाल आणि हिरव्या मातीच्या दोऱ्यासारख्या बारीक वळ्या उभ्या लावा आणि तळहातांमध्ये फिरवून त्या बसवून टाका. हा गोळा टाइलवर ठेवा. वरून काचेचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा सपाट तुकडा हलकेच टेकवा आणि छोट्या वर्तुळात फिरवायला लागा. दाबू नका, फक्त फिरवा. काही फेऱ्यांत गोळ्याला वर आणि खाली अशी दोन टोकं फुटायला लागतात! कुणी चिमटे काढले नाहीत, साचा नाही, तरी दोन्हीकडे निमुळता मणी आपसूक तयार होतो. आणखी फिरवा आणि काच हळूहळू खाली येऊ द्या. टोकं दबतात, मणी चपटा होतो आणि तुम्ही लावलेल्या सरळ रेघा दोन्ही अंगांनी भोवऱ्यासारख्या फिरून मधोमध मिळालेल्या दिसतात.

हे होतं कसं? गोळ्याचा वरचा भाग काचेला धरून असतो, खालचा टाइलला. काच फिरते, टाइल स्थिर राहते. मधली माती या ओढाताणीत पिळली जाते आणि रेघा तो पीळ जशाच्या तशा नोंदवून ठेवतात. इतकं देखणं काम हातून झालं, पण त्यातलं बरंचसं भूमितीनं केलं.

दुसरा चमत्कार याहून मोठा. काचेच्या काही मण्यांत नखाएवढी फुलं असतात, ती कुणी रंगवलेली नसतात. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे काचकारागीर रंगीत काचेच्या कांड्यांची जुडी बांधून ती तापवून ताणत आणि मग तिचे काप काढत. प्रत्येक कापात तेच फूल. त्याआधी इजिप्त आणि रोममधल्या कारागिरांनाही ही युक्ती ठाऊक होती. आपल्याला तेच करायचं आहे, काच वितळवण्याचा खटाटोप न करता. अळूवडीचा उंडा आठवा. आख्ख्या उंड्याकडे पाहून आतल्या वेटोळ्यांचा पत्ता लागत नाही, पण सुरी फिरवली की प्रत्येक वडीत तेच वेटोळं. मण्यांच्या दुनियेत या उंड्याला केन म्हणतात.

आपण सदाफुलीची केन करू. पाच पाकळ्या, मधे लाल ठिपका; नवशिक्यासाठी याहून समजूतदार फूल नाही. लाल मातीची एक बारीक कांडी करा. पांढऱ्या मातीच्या तिच्याहून थोड्या जाड पाच कांड्या करून त्या लाल कांडीभोवती उभ्या रचा. पाकळ्यांच्या मधल्या खाचांत हिरव्या मातीच्या पट्ट्या नीट बसवा, पोकळी ठेवू नका, आणि सगळ्याभोवती हिरव्या मातीची पातळ चादर गुंडाळा. साधारण ३ सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा बुटका दंडगोल तयार झाला. वरून पाहिलंत तर मोठं, ओबडधोबड फूल.

आता तो मधोमध चिमटा, हळूहळू सगळीकडून दाबत लांब करत न्या, मग टाइलवर लाटा. जाडी ६ मिलिमीटरवर आली, म्हणजे व्यास पाचपट कमी झाला. पण माती कुठे गेलेली नाही. व्यास पाचपट कमी झाला की कापाचं क्षेत्रफळ पंचवीसपट कमी होतं, मग लांबी पंचवीसपट वाढलीच पाहिजे. तीन सेंटिमीटरची झाली ७५ सेंटिमीटर! दोन्ही टोकं वेडीवाकडी होतात, ती सोडून द्या. उरलेल्या कांडीचे दोन-दोन मिलिमीटरचे काप काढलेत तरी अडीचशेहून अधिक फुलं हातात येतात. दादरच्या फूलबाजारात टोपली रिकामी करावी तसा टाइलवर सदाफुलीचा सडा पडतो. प्रत्येक फूल ज्वारीच्या दाण्याहून थोडंच मोठं, आणि पाकळ्यांची कड मूळ फुलाहून सुबक. हातानं एवढं बारीक चित्र काढता आलं नसतं. मोठ्या फुलातल्या चुकाही पंचविसाव्या हिश्श्याच्या क्षेत्रात दडपून गेल्या आहेत.

रंग एकमेकांत मिसळत का नाहीत? कारण ही माती पाण्यासारखी खळबळत वाहत नाही. ती थरांनी सरकते, शेजारचा थर शेजारीच राहतो. अट एकच, सगळे रंग सारखेच मऊ असले पाहिजेत. पांढरा नरम आणि लाल ताठ राहिला, तर पांढरा पुढे पळतो आणि लाल मागे राहतो, फूल विस्कटतं. म्हणून तर सुरुवातीला इतकं मळायचं. आणि ठेवून दिली की माती पुन्हा ताठ होते, तो गुण आठवतो ना? लाटलेली केन लगेच कापली तर काप चेपून लंबगोल होतात. ती थोडा वेळ विसावू द्या. मुंबईच्या हवेत सरळ फ्रिजमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग पातं चालवा. प्रत्येक कापानंतर केन थोडी फिरवत राहा.

हे काप पांढऱ्या किंवा हिरव्या गोळीवर अगदी लागून बसवायचे आणि तळहातांत फिरवत राहायचं. पाच-सहा मिनिटांत कापांच्या कडा नाहीशा होतात आणि गोळीच्या अंगावर फुलं उमलल्यासारखी दिसतात. मोठा मणी हवा असेल तर आतली गोळी सगळी मातीची नको. अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट चुरगाळून, टाइलवर घासून तिची गोळी करा आणि वर मातीचा थर चढवा. मणी हलका होतो, माती वाचते. ही अक्कल नवी नाही. बोरमाळेचा मणी सोन्याच्या पातळ पत्र्याचा, आत लाख भरलेली. मराठी बायकांच्या गळ्यातलं सोनं जेवढं भरघोस दिसे, तेवढं वजनाला नसे.

तिसरा चमत्कार चमकदार मातीचा. काही वड्यांत अभ्रकाचं बारीक चूर्ण असतं. अभ्रकाचा प्रत्येक कण हा एक चपटा पापुद्रा. माती पुन्हा पुन्हा लाटली की हे पापुद्रे एका दिशेनं आडवे होतात आणि पृष्ठभाग सोन्या-चांदीसारखा झळकतो. आता त्यावर एखादा ठसा दाबा. ठशाच्या काठांशी पापुद्रे तिरपे होतात. मग वर आलेली नक्षी पात्यानं पातळ कापून टाका आणि लाटून सगळं सपाट करा. बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत. पण डोळ्यांना नक्षी दिसतेच, तीही खोल कोरल्यासारखी! मणी हलवला की ती सरकते. तिथे उंचसखल काहीच नाही. तिरप्या पापुद्र्यांवरून प्रकाश वेगळ्या दिशेनं परततो, एवढंच.

मण्याला भोक पाडताना घाई करू नका. गोळी ताठ होऊ द्या. सुई गोल फिरवत आत न्या आणि टोक पलीकडून डोकावताच थांबा. सुई काढून दुसऱ्या बाजूनं आत घाला. एकाच बाजूनं आरपार नेली तर पलीकडे मातीची कड फाटून वर येते.

भाजताना मणी टाइलवर नुसते ठेवले तर टेकलेल्या जागी चपटा, चकचकीत ठिपका पडतो. म्हणून कोऱ्या कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि घड्यांच्या खाचांत मणी बसवा. कागद जळेल अशी भीती वाटते ना? १३० अंशांना कागद पेट घेत नाही. किंवा मणी तारेत ओवून ती तार पसरट भांड्याच्या दोन काठांवर आडवी ठेवा, म्हणजे मणी अधांतरी भाजतील.

थर्मामीटरची पाळी आता आली. ओटीजीच्या खटक्यावर १३० लिहिलं म्हणजे आत १३० असतंच असं नाही. तारा लालभडक होतात तेव्हा त्यांच्याजवळ तापमान बरंच वर उसळतं, मग खाली येतं. आणि इथे थोडा फरक महागात पडतो. तापमान कमी राहिलं तर द्रव कणांत पुरता शिरत नाही. मणी दिसायला उत्तम, पण दोरा ओढला की भोकाच्या कडेनं तुकडा पडतो. फार वाढलं तर रंग करपतो, आणि १७५ अंशांच्या पुढे पीव्हीसीच्या साखळ्याच तुटायला लागतात. मिठातून आलेला तो क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतो. हा वायू नाका-डोळ्यांना झोंबणारा आणि घातक असतो. म्हणून थर्मामीटर हवाच. ओव्हन आधी तापवून स्थिर होऊ द्या, मण्यांवर फॉइलचं झाकण ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. मायक्रोवेव्ह आणि गॅसवरचा तवा यांच्या वाटेला जाऊ नका. वेष्टनावर लिहिलेलं तापमान पाळा, काही मातींना ११० अंशच पुरतात. वेळ मात्र सढळ हातानं द्या: ६ मिलिमीटर जाडीला अर्धा तास. मुलं मणी वळू देत, ओव्हन मोठ्यांनी हाताळावा. आणि या कामाची टाइल, पातं, बाटली पुन्हा खाण्याच्या कामी आणू नका.

ओव्हनमधून काढलेला मणी दाबला तर नरम लागतो. तो कच्चा राहिला असं समजू नका. साखळ्या अजून गरम आहेत, निवल्या की थिजतील. आणखी एक गोष्ट कुंभाराला हेवा वाटेल अशी: भाजलेल्या मण्यावर नवी माती लावून तो पुन्हा भाजता येतो, मग पुन्हा.

पॉलिशसाठी वार्निश लागत नाही. पाणी लावून वापरता येणारा पॉलिश पेपर घ्या: आधी ४००, मग ६००, ८००, १००० आणि शेवटी २०००. नेहमी पाण्यातच घासा, कोरडी धूळ उडू देऊ नका. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे पुसून स्वतःचे अधिक बारीक ओरखडे ठेवतो. ओरखडे प्रकाश चहूकडे उधळतात, म्हणून पृष्ठभाग निस्तेज दिसतो. ते पुरेसे बारीक झाले की प्रकाश सरळ परततो. मग जीन्सच्या कापडावर चोळा, मण्यात खिडकी दिसायला लागते! दोरा, हूक, मधे घालायला काळे मणी आणायला भुलेश्वरला जा. तिथल्या पटवेकऱ्याला माळ गाठवताना जवळून पाहणं ही वेगळी शाळाच आहे.

या मण्यांविषयी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. शाडूची मूर्ती गिरगाव चौपाटीच्या पाण्यात विरघळते, कारण वाळताना तिच्या कणांचं काहीच बदललेलं नसतं. पाणी गेलं होतं, पाणी परत आलं. आपल्या मण्यात मात्र कणच उरलेले नाहीत, त्यामुळे विरघळायला काही नाही. तो प्लास्टिक आहे, आणि आपल्या सगळ्यांहून जास्त टिकणार आहे. म्हणून थोडे करा आणि निगुतीनं करा. कच्च्या मातीचा कणही टाकू नका. उरलेले सगळे रंग मळले की मातकट गोळा होतो, तो पुढच्या मण्यांच्या पोटात जातो. न आवडलेला मणी भाजण्याआधी मोडा, कारण भाजेपर्यंतच त्याला परतीची वाट असते.

आणि सुरुवात मण्यानंही करू नका. दोन मिलिमीटर जाडीच्या, बोटाएवढ्या लांब चार पट्ट्या लाटा. ओव्हन १३० वर स्थिर झाला की चारही आत ठेवा. पहिली ५ मिनिटांनी काढा, दुसरी १० मिनिटांनी, तिसरी २० आणि चौथी ४० मिनिटांनी. पूर्ण निवू द्या, मग एकेक वाकवून पाहा. पहिली काडकन मोडेल, दुसरी थोडी वाकून तुटेल, तिसरी बरीच तग धरेल. चौथी, माती चांगल्या प्रतीची असेल तर, बोटाभोवती वळून पुन्हा सरळ होईल. डोळ्यांना चारही पट्ट्या हुबेहूब सारख्या दिसतील. फरक आहे तो द्रव कणांच्या आत किती खोल शिरला याचा, आणि तो तुमच्या बोटांना कळलेला असेल. एवढं कळलं की तुमचा एकही मणी कच्चा राहणार नाही. मग खुशाल सदाफुलीची केन करायला घ्या.